आमचा रेडिओ कोणता?

धाड हे बुलढाणा जिल्ह्याच्या दक्षिण सीमेवरचे बाजाराचे गाव. थोडे पुढे गेले की भोकरदन तालुका लागतो, विदर्भ संपतो आणि मराठवाडा सुरू होतो; त्यामुळे येथील बोलीही थोडी वऱ्हाडी, थोडी मराठवाडी अशी दोन्ही वळणे घेऊन चालते. या परिसरात ख्रिस्ती घरे थोडी आणि विखुरलेली. एका वस्तीवर दोन, दुसरीवर चार. काही वर्षांपूर्वी या घरांना भेटी देण्याचा योग आम्हांला आला. एका संध्याकाळी घरप्रार्थना आटोपून ओट्यावर बसलो असता घरातील सत्तरी ओलांडलेल्या आजींनी आपण होऊन तेविसावे स्तोत्र अथपासून इतिपर्यंत म्हणून दाखविले. एक शब्द चुकला नाही. आजींना अक्षरओळख नव्हती. आम्ही कौतुकाने विचारले, ‘‘हे कोणी शिकविले?’’ एखाद्या जुन्या मिशनरी फादरांचे किंवा मास्तरांचे नाव ऐकू येईल अशी आमची अपेक्षा होती. आजी म्हणाल्या, ‘‘रेडिओनं.’’

मग त्यांनी सारे सांगितले. घरधन्याने एका वर्षी कापसाच्या पैशातून ट्रान्झिस्टर घेतला होता. दिवेलागणीला काटा हळूहळू फिरवीत न्यायचा आणि खरखरीतून मराठी आवाज सापडला की थांबायचे. सेल संपत आले की दिवसभर उन्हात ठेवायचे, म्हणजे आणखी दोन-तीन संध्याकाळी निघत. स्तोत्र असे ऐकून ऐकून पाठ झाले. हे सांगून झाल्यावर आजींनी आम्हांलाच प्रश्न केला, ‘‘फादर, तो रेडिओ आपला व्हता का त्यायचा?’’

आम्ही काहीतरी गुळमुळीत उत्तर दिले. देव एकच, वचन एकच, असे काहीसे. ते खोटे नव्हते. पण आजींनी ते विचारलेच नव्हते. खरे उत्तर असे होते, की तो रेडिओ ‘त्यांचा’ होता, आणि ‘आपला’ मराठीत कोणताच नव्हता. त्या गुळमुळीत उत्तराची टोचणी आम्हांला अजून लागून आहे. हा लेख त्या टोचणीतून लिहिला आहे. त्यात कोठे शब्द तीव्र झाले तर वाचकांनी तेवढी सवलत द्यावी.

आजच्या तरुण वाचकांना तो काळ ठाऊक नसेल म्हणून थोडे सांगितले पाहिजे. भारतात विसाव्या शतकाच्या अखेरपर्यंत सरकारी आकाशवाणीखेरीज दुसऱ्या कोणास नभोवाणी केंद्र चालविण्याची मुभा नव्हती. साहजिकच ख्रिस्ती नभोवाणी आली ती समुद्रापलीकडून, लघुलहरींवर. या लहरी वातावरणाच्या वरच्या थरावर आदळून हजारो मैलांवर उतरतात आणि सांजवेळी विशेष स्पष्ट ऐकू येतात. फेबा या प्रॉटेस्टंट संस्थेने १९७० साली हिंदी महासागरातील सेशेल्स बेटांवर केंद्र उभारले. त्याचे मनोरे समुद्रातील प्रवाळाच्या खडकावर उभे केलेले होते. भारतात ध्वनिमुद्रित केलेले कार्यक्रम तेथे जात आणि तेथून आपल्या देशी भाषांत परत येत. त्यांत मराठी होती. ॲडव्हेंटिस्ट बांधवांनीही पुण्यात ध्वनिमुद्रणाची सोय केली आणि आपल्या जागतिक नभोवाणीवर मराठीला नित्याची जागा दिली. सेशेल्सचे ते केंद्र २००३ साली बंद झाले. तोवर तीस-बत्तीस वर्षे रोजच्या संध्याकाळी कोणीतरी धाडच्या त्या आजींशी मराठीत बोलत होते. ते कोणीतरी आम्ही नव्हतो.

या बांधवांविषयी आमच्या मनात असूया नाही. खामगाव, अकोला, बुलढाणा या पट्ट्यात अलायन्स मिशनचे काम एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासून आहे आणि त्यांची मंडळी व आमची मंडळी एकमेकांच्या लग्नामयताला जातात. त्यांनी पेरले म्हणून आजींना स्तोत्र आले. मात्र कृतज्ञता म्हणजे डोळे मिटून घेणे नव्हे. त्या कार्यक्रमांपैकी बरेचसे आम्ही विद्यार्थिदशेत स्वतः ऐकले आहेत. त्यांतली मराठी शुद्ध होती, पण ती कोणाच्या घरची नव्हती. मूळ प्रवचन अमेरिकेतले, दाखले तेथल्या मोटारींचे आणि तेथल्या घरांचे, आणि वर मराठी शब्दांचे पांघरूण. ऐकणारा एकटा आहे असे धरून सारे बोलणे चालायचे. त्याचे पाप एकट्याचे, तारणही एकट्याचे, आणि शेवटी टपालपेटीचा क्रमांक. त्यात भाऊबंदकी नव्हती, सावकार नव्हता, दुबार पेरणी नव्हती. संस्कार नव्हते हे तर उघडच आहे. ते तेथे असावेत अशी अपेक्षा करण्याचा आम्हांला अधिकारही नाही. ज्यांना मराठीची आच होती त्यांच्यापाशी एक दृष्टी होती आणि ती त्यांनी मांडली. आमच्यापाशी दुसरी दृष्टी होती. ती आम्ही मराठीत मांडलीच नाही, आणि या लेखाचे भांडण त्यांच्याशी नसून आमच्याशी आहे.

आता कोणी म्हणेल, की कॅथलिक ख्रिस्तसभेकडे रेडिओ नव्हताच. होता, आणि तो लहानसहान नव्हता. मार्कोनीने स्वतः उभारलेले व्हॅटिकन रेडिओचे केंद्र पोप पायस अकरावे यांनी १२ फेब्रुवारी १९३१ रोजी सुरू केले. दुसऱ्या व्हॅटिकन महासभेने ४ डिसेंबर १९६३ रोजी जे पहिले दोन दस्तऐवज प्रसृत केले त्यांतला एक उपासनेविषयी होता आणि दुसरा संपर्कमाध्यमांविषयी. आशियापुरते बोलायचे तर मनिलाहून रेडिओ व्हेरितास एशिया १९६९ साली बोलू लागला. पुढे ते आशियातील महागुरूंच्या महासंघाच्या छत्राखाली आले. पोप जॉन पॉल दुसरे यांनी १९९९ साली नवी दिल्लीत आशियाविषयीचे आपले प्रबोधनपत्र प्रसिद्ध केले, त्यात या केंद्राचा नाव घेऊन गौरव आहे, आणि योग्य भाषांतील कार्यक्रम, माणसे व पैसा यांनी ते बळकट करण्याचे आवाहन आशियातील धर्मप्रांतांना आहे. भाषा, माणसे, पैसा. हे तीन शब्द वाचकांनी ध्यानात ठेवावेत.

लघुलहरींच्या त्या काळात व्हेरितासवर आपल्या देशातल्या कोणत्या भाषा होत्या? हिंदी होती, बंगाली होती, तमिळ होती, तेलुगू होती. व्हॅटिकन रेडिओच्या भारतीय विभागात हिंदी, तमिळ, मल्याळम आणि इंग्रजी. मराठीला दोन्ही ठिकाणी जागा नव्हती. मनिलाच्या लघुलहरी २०१८ साली थांबल्या आणि ते काम संगणकाच्या जाळ्यावर गेले. तोपर्यंत जवळजवळ अर्धे शतक लोटले होते. या अर्ध्या शतकात मुंबई, पुणे, नागपूर, अमरावती, औरंगाबाद, नाशिक आणि वसई या धर्मप्रांतांतून शेकडो धर्मगुरू घडले, परदेशी शिकून आले, संपर्कमाध्यमांच्या पदव्याही घेऊन आले. अर्धा तास मराठी मागावी, तिच्यासाठी दोन माणसे द्यावीत, एक खोली द्यावी, हे आमच्याकडून घडले नाही. मनिला येथे कोणी मराठीचा द्वेष करीत होते असे नाही. जी भाषा कोणी मागत नाही ती कोणी देत नाही.

याची जी कारणे आम्ही आमच्या धर्मबंधूंकडून ऐकत आलो ती एकदा तपासून पाहू.

सर्वांत लाडके कारण असे, की मराठी माणसाला हिंदी कळते. कळते, हे खरे. बाजारात कळते, सिनेमात कळते, रेल्वेच्या फलाटावर कळते. पण पंचवीसएक वर्षांच्या सेवेत महाराष्ट्रातील खेड्यातल्या एकाही माणसाने आमच्यापाशी हिंदीत पापनिवेदन केलेले नाही. मरणाऱ्याच्या उशाशी बसून आम्ही कधी हिंदीत प्रार्थना म्हटलेली नाही. जी भाषा माणूस आपल्या देवाशी बोलताना वापरीत नाही, ती त्याच्याशी देवाविषयी बोलताना पुरेशी आहे असे मानणे हा सोयीचा आळस आहे. सेमिनरीत रात्रीच्या जेवणानंतर आम्ही काही मराठी मुले व्हेरितासची हिंदी सेवा ऐकत असू. कार्यक्रम चांगले असत. पण त्यांतली हिंदी ऐकताना आम्हांला सतत दुसऱ्याच्या घरी पाहुणचाराला गेल्यासारखे वाटे. जेवण उत्तम, पण मागून घ्यायला संकोच.

दुसरे कारण संख्येचे. तमिळ आणि तेलुगू कॅथलिकांच्या मानाने मराठी कॅथलिक थोडे, हे मान्य. परंतु मनिलाचे केंद्र फक्त चर्चच्या बाकांवर बसणाऱ्यांसाठी उभारले होते काय? ते आशियाशी बोलण्यासाठी होते. २०११ च्या जनगणनेत मराठी मातृभाषा सांगणारे ८ कोटी ३० लाख आहेत. तेलुगू सांगणारे ८ कोटी ११ लाख, तमिळ सांगणारे ६ कोटी ९० लाख. आशियाशी बोलायचे तर या ८ कोटींना वगळून कसे बोलता येईल? आणि आम्ही थोडे आहोत म्हणून आम्हांला आवाज नको, हा तर्क उलटा आहे. ज्या गावात चर्च आहे, सिस्टरांचे कॉन्व्हेंट आहे, शाळा आहे, त्या गावाला रेडिओची तितकी निकड नाही. जेथे एका वस्तीवर दोनच घरे आहेत आणि फादर पावसाळ्यात महिनामहिना पोचू शकत नाहीत, तेथे ती आहे. थोडे असणे हेच मागणीचे कारण होते.

तिसरे कारण कोणी उघड सांगत नाही, पण आम्हांला तेच खरे वाटते. आमच्या धर्मप्रांतांचा कारभार इंग्रजीत चालतो. परिपत्रक इंग्रजीत येते, सभा इंग्रजीत होते, आणि मराठी हे त्या सभेतल्या निर्णयाचे भाषांतर करण्याचे साधन ठरते. ज्या भाषेत आम्ही विचार करीत नाही तिच्यात रोज अर्धा तास बोलायचे म्हणजे मोठी अडचण! वसईकडच्या आणि अहिल्यानगरकडच्या काही धर्मगुरूंचा सन्माननीय अपवाद सोडला, तर मराठीत लिहिणारा फादर हा आमच्यात हौशी समजला जातो, जसा कोणी फुलझाडे लावतो किंवा टपालतिकिटे जमवितो. फादर फ्रान्सिस दिब्रिटो २०२० साली उस्मानाबादच्या अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचे अध्यक्ष झाले तेव्हा आम्ही सर्वांनी हारतुरे दिले. २०२४ मध्ये ते गेले तेव्हा श्रद्धांजल्याही वाहिल्या. त्यांच्या भाषेत कारभार करण्याचे मात्र कोणी मनावर घेतले नाही.

वास्तविक ही परंपरा आमच्या घरची आहे. फादर थॉमस स्टीफन्स १५७९ साली गोव्यात आले आणि १६१६ साली त्यांचे ख्रिस्तपुराण छापून निघाले. जवळजवळ ११ हजार ओव्या. नव्याने ख्रिस्ती झालेल्या लोकांना त्यांच्या जुन्या पुराणांची उणीव भासत होती, त्यांनी मागणी केली आणि एका इंग्रज येशूसंघीयाने ती ओवीत पुरी केली. हे पुराण एकट्याने मनात वाचायचा ग्रंथ म्हणून लिहिलेले नव्हते. ते चर्चमध्ये जमलेल्या लोकांना मोठ्याने वाचून, गाऊन ऐकविले जाई. वाचकहो, हा रेडिओचाच कार्यक्रम नव्हे काय? फक्त विजेचा शोध लागायचा होता. फादर हेन्री डोरिंग यांनी १९०३ साली ‘निरोप्या’ काढला तेव्हाही वाचणारा एक आणि ऐकणारे दहा असाच हिशेब होता. रेव्हरंड टिळकांनी कीर्तन आणि भजन उचलले ते याच जाणिवेने. ऐकणाऱ्या समाजाला ऐकवावे लागते हे आमच्या पूर्वसूरींना कळले होते. यंत्र हाती आले त्या पिढीला मात्र ते कळले नाही.

यंत्र काय करू शकते हे पाहण्यासाठी मनिलालाही जायला नको होते. पुणे आकाशवाणीवरून १ एप्रिल १९५५ रोजी, रामनवमीला, गीतरामायण सुरू झाले. ग. दि. माडगूळकरांची ५६ गीते, सुधीर फडक्यांचे संगीत, आठवड्याला एक गीत. लोक रेडिओपुढे हार-फुले ठेवून बसत असे त्या काळचे लोक सांगतात. वाल्मीकींची कथा कोणाला नवी नव्हती. तरी साऱ्या महाराष्ट्राने ती वर्षभर पुन्हा ऐकली, कारण ती मराठी गळ्यातून, मराठी चालीत आली. आमच्यापाशी स्टीफन्ससारखा कवी होता, ओवी होती, साडेतीनशे वर्षांची गायनाची परंपरा होती. त्या पुराणाचे आम्ही काय केले? परिसंवाद केले, प्रबंध लिहिले, जयंत्या केल्या. गावोगावच्या ओट्यावर ऐकू येईल असे रूप आम्ही त्याला दिले नाही. याच बुलढाणा जिल्ह्यात, शेगावपासून दूरच्या खेड्यांपर्यंत, दासगणूंनी रचलेल्या गजानन विजय पोथीची पारायणे आजही घरोघर होतात. म्हणजे ओवीचा कान येथल्या मातीत शाबूत आहे. आमच्या ख्रिस्ती घरांचा कान काही वेगळा नाही. आम्ही त्यात घालतो ती गाणी तेवढी वेगळी, आणि बहुधा इंग्रजी चालीची.

१९८६ च्या फेब्रुवारीत कार्डिनल सिन यांनी व्हेरितासच्या फिलिपिन्समधील केंद्रावरून लोकांना रस्त्यावर येण्याची हाक दिली आणि चार दिवसांत मार्कोस यांची सत्ता गेली. सेमिनऱ्यांतून आम्हांला हे उदाहरण अभिमानाने शिकविले जाई. ते ऐकताना आमच्या कोणाच्या मनात असा प्रश्न आला नाही, की कार्डिनल महोदयांची हाक लोकांना पोचली ती अगोदरची कितीतरी वर्षे तो आवाज त्यांच्या घरात नांदत होता म्हणून. न नांदलेल्या आवाजाला आणीबाणीत कोणी ओळखत नाही.

येथे आमची स्वतःची एक फजिती सांगणे प्राप्त आहे. तरुणपणी, दुसऱ्या एका धर्मग्रामात असताना, आम्ही आगमनकाळासाठी पंधरा-पंधरा मिनिटांचे चार कार्यक्रम तयार केले. टेपरेकॉर्डर उसना आणला. पेटी, ढोलकी आणि टाळ घेऊन भजनी मंडळी बसली. मरिया एलिझाबेथेला भेटायला गेली तो प्रसंग आम्ही वाचून न दाखविता एका शेतमजूर बाईंना सांगायला सांगितला. त्यांनी तो असा सांगितला, की एक पोटुशी बाई दुसऱ्या पोटुशीला भेटायला डोंगर चढून निघाली; तिने वाटेत पाणी कुठे प्याले असेल, सावलीला कुठे टेकली असेल, आणि दारात पोचल्यावर म्हातारीने तिला आधी काय विचारले असेल. त्या दहा मिनिटांत आम्हांला जो अर्थ लागला तो ग्रंथालयात लागला नव्हता. ध्वनिफिती आम्ही एका संपर्कमाध्यम केंद्राकडे पाठविल्या. तीन महिन्यांनी चार ओळींचे उत्तर आले. उच्चार ग्रामीण आहेत. मागे कोंबडा ओरडल्याचा आवाज येतो. प्रशिक्षित आवाजात, शुद्ध भाषेत पुन्हा मुद्रण करावे. आम्ही रागावलो आणि पुन्हा काहीच केले नाही. कोंबड्याचे त्यांचे खरे होते. पण ज्या गोष्टीसाठी रेडिओ हवा होता नेमकी तीच त्यांना दोष वाटली. आणि त्यावर भांडण्याऐवजी आम्ही रुसून बसलो, हा आमचा दोष.

आज तर परवानगीची सबबही उरलेली नाही. सर्वोच्च न्यायालयाने १९९५ साली ध्वनिलहरी ही जनतेची मालमत्ता असल्याचा निर्वाळा दिला. पुढे खाजगी एफ.एम. केंद्रे आली, त्यांच्या धोरणात धार्मिक संस्थांना परवाना नाही, आणि आमच्या मते ते योग्यच आहे. प्रत्येक पंथाने आपापले केंद्र उघडून एकमेकांवर ओरडावे अशी इच्छा कोणी धरू नये. परंतु २००६ च्या अखेरीस सरकारने सामुदायिक रेडिओचे दार स्वयंसेवी संस्थांना उघडून दिले. संस्था नोंदणीकृत असावी, तिचे किमान तीन वर्षांचे काम असावे, नफ्याचा हेतू नसावा. प्रक्षेपक लहान, पल्ला दहा-बारा किलोमीटरच्या आसपास. निम्मे कार्यक्रम तरी स्थानिक लोकांच्या सहभागातून झाले पाहिजेत, आणि भाषा शक्यतो तेथली बोली. या अटी वाचल्या तेव्हा आम्हांला हसू आले. ज्या कारणासाठी आमच्या ध्वनिफिती परत आल्या, तेच सरकार आता अट म्हणून घालीत होते!

केरळमधील मानंतवाडी धर्मप्रांताच्या समाजसेवा संस्थेने ही संधी घेतली आणि २००९ साली वायनाडमध्ये रेडिओ माट्टोली सुरू केला. तेथे शेतकऱ्यांशी शेतीवर बोलणे होते आणि आदिवासींशी त्यांच्या भाषांत. आपल्या महाराष्ट्रातही सातारा जिल्ह्यातील म्हसवडला माणदेशी महिलांनी २००८ साली आपले केंद्र उभारले. ते ख्रिस्ती नाही. दुष्काळी भागातल्या बायांचे आहे, आणि म्हणून आम्हांला अधिक शिकण्यासारखे आहे. समाजसेवा संस्था तर महाराष्ट्राच्या धर्मप्रांतांकडेही आहेत. पाणलोटाची, बचतगटांची कामे त्यांनी उत्तम केली आहेत. सिमेंटचा बंधारा त्यांना बांधता येतो. बोलण्याची जागा बांधावी असे मात्र वाटलेले दिसत नाही.

हा विचार आम्ही एका बैठकीत मांडला तेव्हा एका ज्येष्ठ धर्मबंधूंनी विचारले, ‘‘मग त्यात सुवार्तेचे काय? मिस्सा दाखविता येणार नाही, प्रवचन करता येणार नाही, तर आमचा रेडिओ तो कसला?’’ प्रश्न प्रामाणिक आहे, त्याला प्रामाणिक उत्तर दिले पाहिजे. पोप जॉन पॉल दुसरे यांनी १९९० च्या आपल्या विश्वपत्रात म्हटले आहे, की माध्यमांचा वापर करून संदेश पसरविणे पुरेसे नाही. माध्यमांनी जी नवी संस्कृती घडविली आहे तिच्यात तो संदेश मुरला पाहिजे. आम्ही याचा अर्थ साध्या शब्दांत असा लावतो, की चोवीस तास जपमाळ लावून ठेवणे म्हणजे ख्रिस्ती रेडिओ नव्हे. ती जपमाळ ज्यांना येते तेच ऐकतील.

धाडपुरते बोलू. समजा येथे दहा-बारा किलोमीटरच्या टापूत ऐकू जाणारे एक केंद्र आहे. पहाटे शेतात जाण्यापूर्वी पावसाचा अंदाज हवा. पश्चिम विदर्भातल्या ज्या सहा जिल्ह्यांतील शेतकऱ्यांच्या आत्महत्यांनी देश हादरला आणि २००६ साली पंतप्रधानांना मदत जाहीर करावी लागली, त्यांत बुलढाणा होता. अशा जिल्ह्यात कर्जाविषयी, पीकविम्याच्या अर्जाविषयी आणि घरातल्या गप्प झालेल्या माणसाविषयी कोणी रोज बोलणे ही सुवार्ता नव्हे काय? बोलणारा फादरच असला पाहिजे असे नाही, नसलेला बरा. कामासाठी बाहेरगावी गेलेल्या मजुराने घरच्यांना दिलेला निरोप असावा. कोणाचे मयत केव्हा निघणार हे सांगावे. दुपारी बायांचा तास असावा आणि त्यात जात्यावरच्या ओव्या म्हणणाऱ्या म्हाताऱ्यांना बसवावे, त्या आहेत तोवर. सगळ्या जातिधर्मांच्या बसवाव्यात. १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशामुळे अनुसूचित जातीतून ख्रिस्ती झालेल्यांच्या सवलती गेल्या. शिखांना त्या १९५६ साली आणि बौद्धांना १९९० साली मिळाल्या, आमच्या लोकांना मिळाल्या नाहीत. या गोष्टीविषयी चर्चच्या आवारात कुजबुज होते, दाखल्याच्या वेळी घराघरात वाद होतात. ती गोष्ट शांतपणे, कायदा जाणणाऱ्या माणसाकडून समजावून दिली जावी. आणि नाताळात, ईस्टरच्या आठवड्यात, जशी इतरांच्या सणांना त्यांची भजने, तशी आमची. शेजाऱ्याने ऐकावे आणि म्हणावे, की हे तर आपल्यासारखेच गातात. आम्ही परदेशी धर्माचे आहोत हा आरोप आज पुन्हा जोराने केला जातो. त्याला निवेदने काढून उत्तर देण्यात आम्ही पटाईत झालो आहोत. वऱ्हाडी बोलीत रोज दोन तास बोलणे हे त्याहून चांगले उत्तर झाले असते.

आता रेडिओ ऐकतो कोण, असे म्हणणारे भेटतात. धाडच्या वस्त्यांवर आता ट्रान्झिस्टर दिसत नाहीत हे खरे. त्या आजींच्या घरीही नाही. नातवाच्या मोबाइलवर त्या आता पाहतात तो कोणी एक प्रवचनकार आहे. कोट घातलेला, हिंदीत ओरडणारा, आजार पळवून लावणारा आणि शेवटी पैसे पाठविण्याचा क्रमांक देणारा. आजींनी तो आम्हांला दाखविला. गुडघेदुखीसाठी त्यांनी त्याला दोनशे रुपये नातवाकडून पाठविलेही होते. साधन बदलले आहे, रिकामी जागा तीच आहे. सेशेल्सहून येणारे बांधव निदान स्तोत्र तरी पाठ करून देत. आम्ही जागा मोकळी सोडली की तेथे आमच्याहून चांगलाच माणूस येऊन बसेल, अशी हमी कोणी दिलेली नाही. आणि यावर उपाय म्हणून आमच्याकडचे काही उत्साही तरुण ‘ऑनलाइन रेडिओ’ काढतात; दिवसभर इंग्रजी भक्तिगीते लावून ठेवतात. ऐकणारे बहुधा तेच तरुण असतात.

आम्हांला फार मोठे काही नको आहे. एका धर्मप्रांताच्या समाजसेवा संस्थेने एक अर्ज करावा. मराठीत बोलताना अडखळत नाहीत अशी दोन माणसे द्यावीत, एक धर्मगुरू आणि एक गृहस्थ; किंवा दोन्ही गृहिणी असल्या तर उत्तमच. एक खोली द्यावी, जिच्या भिंतींना गोणपाट लावता येईल. सभागृहांच्या फरशीवर आम्ही किती खर्च करतो हे आम्हां सर्वांना ठाऊक आहे. तेव्हा पैशाचे नाव कोणी काढू नये. आणि अर्ज मंजूर होईपर्यंत निदान माणसांचे आवाज मुद्रित करून ठेवण्यास कोणाची परवानगी लागत नाही.

परत आलेल्या त्या चार ध्वनिफिती आम्ही बदलीच्या प्रत्येक ठिकाणी सामानात बरोबर नेल्या. गेल्या नाताळात धर्मग्रामातल्या एका तरुणाने त्या मोबाइलवर उतरवून घेण्याचा प्रयत्न केला. चौथीवर बुरशी चढली होती, ती गेली. तीन मात्र स्वच्छ ऐकू येतात. मरियेच्या डोंगरवाटेची गोष्ट दुसऱ्या फितीत आहे, आणि कोंबडा तिच्या मध्यावर ओरडतो. ती गोष्ट सांगणाऱ्या बाई आता हयात नाहीत. ज्या कोणाला या तीन फिती उपयोगी पडतील त्याने त्रैमासिकाच्या संपादकांना कळवावे. आमचा पत्ता त्यांच्याकडे आहे.